जास्तीची नीळ

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नाही आणि नाटकाचाही नाही. फोटोच्या दुकानात स्टुलामागे टांगलेला, अंगावर फूल नाही की रेघ नाही, असा साधा पांढरा पडदा. माझ्यासमोर बसून गेलेल्यांना मी आठवत नसेन, कारण त्यांची पाठ माझ्याकडे असायची. मला मात्र त्यांच्या पाठी आठवतात. थांबा, हात लावू नका. आधी हात धुतलेत का ते सांगा. रागावू नका, माझा स्वभावच तसा आहे. जन्मभर मी डागाला भीत आलो. आज जे सांगणार आहे तेही एका डागाबद्दलच आहे, आणि ते सांगतानासुद्धा माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझा जन्म जाड सुती कापडाच्या एका ताग्यात झाला. माझी भावंडं चादरी झाली, उशांचे अभ्रे झाली आणि एकाच्या नशिबी तर पायपुसणं होणं आलं. मला हनुवटीकाकांनी नेलं. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. फोटो काढताना ते प्रत्येकाला 'हनुवटी खाली' म्हणायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना हनुवटीकाका म्हणायची. त्यांनी मला दोन बोटांत चोळून पाहिलं, उजेडात धरलं आणि दुकानदाराला चार मीटर फाडायला सांगितलं.

काकांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेलं स्टूल, दोन मोठे दिवे, एक आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. कंगवा बांधला होता, कारण आधीचे तीन कंगवे गिऱ्हाइकांबरोबर निघून गेले होते. खुंटीवर एक काळा कोट असे. ज्यांच्याकडे कोट नसायचा ते तो घालून फोटो काढायचे. बाह्या लांब असल्या तरी चालत, कारण फोटो छातीपर्यंतच यायचा. मागच्या कोपऱ्यात काकू, म्हणजे काकांची बायको, शिवणयंत्रावर लोकांचे कपडे उसवून बेतून द्यायच्या.

आणि रस्त्यापलीकडे कचेरी होती. दुसऱ्या देशात जायचं तर व्हिसा लागतो, म्हणजे त्या देशाने 'या' म्हणावं लागतं. ते 'या' किंवा 'नका येऊ' त्या कचेरीत ठरायचं. दार उघडायच्या आधीपासून बाहेर रांग लागलेली असे. रांगेतल्या प्रत्येकाला फोटो लागायचा आणि फोटोचे नियम भलते कडक होते. हसायचं नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्मा नको, मागे पांढऱ्याशिवाय काही नको, आणि काढलेल्या फोटोत मागाहून काही फेरफार करायचा नाही. काकांचा निम्मा दिवस लोकांना हसू नका म्हणण्यात जायचा. माणसं भावाकडे, लेकीकडे, शिकायला नाहीतर कामाला निघालेली, ती आनंदात असायची. काका त्यांचं हसू पुसून काढायचे आणि मग बटण दाबायचे.

एक गंमत सांगतो. म्हटलं तर गंमत. एकदा चपला फटफट वाजवत एक परदेशी पाहुणा आला. त्याचा पासपोर्ट कुठेतरी हरवला होता आणि नव्यासाठी त्याला फोटो हवा होता. काकांनी विचारलं, आता पुढे कुठे जाणार? तो म्हणाला, अजून ठरवलं नाही, बघू. त्याच्या देशाच्या पासपोर्टला बहुतेक सगळी दारं उघडी होती. तो गेला आणि त्याच स्टुलावर एक वेल्डर येऊन बसला. त्याचा भाऊ परदेशात इस्पितळात होता. वेल्डरच्या मांडीवर कागदांची जाड फाईल होती आणि ती तो फोटो काढतानाही खाली ठेवायला तयार नव्हता. दोघांच्या मागे मी सारखाच पांढरा होतो, मित्रांनो. वेल्डरला नकार आला.

तरी माझं नाव चांगलं होतं. 'काकांकडचा फोटो परत येत नाही' असं रांगेतले लोक एकमेकांना सांगायचे. मी मनातल्या मनात फुगायचो. माझी स्वच्छता काकूंच्या हातात होती. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी त्या मला उतरवायच्या, धुवायच्या आणि शेवटच्या बादलीत नीळ घालायच्या. नीळ ठाऊक आहे ना? पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा जावा म्हणून पाण्यात निळ्या रंगाचे थेंब टाकतात, ती. काकू चार थेंब टाकायच्या. पाचवा नाही. त्यांचा हात बसलेला होता.

काकूंची एकुलती एक लेक परदेशी इस्पितळात परिचारिका होती. तिथेच तिचं लग्न झालं, तिथेच संसार मांडला. तिला पहिल्यांदा दिवस गेले आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी पाय जमिनीला लावू नको म्हणून बजावलं. जावई दिवसभर कारखान्यात, घरात पाण्याचा पेला द्यायला माणूस नाही. काकूंचं यंत्रावर लक्ष लागेना. त्यांनी कॅलेंडरवर बाळंतपणाच्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला आणि व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. त्या तारखेला अजून दहा आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा फोटो निघायचा होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला नेहमीपेक्षा जास्त घासलं. मग बादलीत चार थेंब टाकले, थांबल्या, आणि आणखी दोन टाकले. आपला फोटो आहे, लेकीकडे जायचं आहे, पडदा कसा बगळ्यासारखा दिसायला हवा, असं त्या स्वतःशीच म्हणत होत्या. मलाही बरं वाटलं. वाळल्यावर मी खरंच जास्त पांढरा दिसत होतो. माणसाच्या डोळ्याला दिसत होतो. कॅमेऱ्याचा डोळा वेगळा असतो, हे मला काय ठाऊक?

अकराव्या दिवशी काकूंचा अर्ज परत आला. सोबत एकच ओळ होती. फोटोतली मागची बाजू पांढरी नाही, नव्याने अर्ज करावा. नव्या अर्जासाठी कचेरीने दिलेली तारीख महिन्याभराने होती. त्या आठवड्यात माझ्यासमोर बसलेल्या आणखी सात जणांचे अर्जही असेच परत आले.

काका फोटो घेऊन दुकानाच्या दारात गेले. उन्हात त्यांनी तो कोऱ्या कागदाशेजारी धरला. फोटोत माझा रंग फिकट आभाळासारखा आला होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. काका आत आले आणि काकूंना म्हणाले, "दिवा जुना झालाय. त्याचाच रंग उतरला."

त्याच दुपारी ते नवा दिवा घेऊन आले. पण खरं काय ते त्यांना कळलं होतं. रोज सकाळी काकू भाजीला गेल्या की ते मला खाली काढायचे, साध्या पाण्यात तीनतीनदा खळबळायचे आणि पंख्याखाली वाळत घालायचे. काकूंनी विचारलं तर सांगायचे, पडद्यावर उंदीर फिरला. एका आठवड्यात आमच्याकडे इतके उंदीर झाले, की काकूंनी शेजाऱ्यांचं मांजर मागून आणलं.

अर्ज परत आलेल्या त्या सात जणांत एक चित्रकारबाई होत्या. परदेशातल्या एका मोठ्या दालनात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं. नव्या तारखेमुळे त्यांचंही सगळं लटकलं. एक दिवस त्या तावातावाने दुकानात आल्या. काका दिव्याचं पुराण सांगू लागले, तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. सरळ माझ्याजवळ आल्या, माझा कोपरा उचलून नाकाशी नेला, उजेडात धरला.

"दिवा कसला? यात नीळ आहे," त्या म्हणाल्या.

काकूंचं यंत्र थांबलं. काकू उठून पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नीळ मीच घातली. माझा फोटो होता ना, म्हणून दोन थेंब जास्त."

काका आरशाकडे बघत राहिले. चित्रकारबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्या स्टुलावर बसल्या आणि काकूंना कुठे जायचं होतं ते विचारू लागल्या. काकूंनी सगळं सांगितलं. मी वर टांगलेला, ऐकत होतो आणि लाजेने अर्धा झालो होतो.

महिन्याने दोघींनी नवे फोटो घेऊन अर्ज केले. या वेळी मी निष्कलंक होतो. दोघींनाही नकार आला. कारण फोटोचं नव्हतं. 'परत येण्याची खात्री पटत नाही', असं लिहिलं होतं. कचेरीतल्या साहेबाने काकूंना विचारलं होतं, तुम्ही परत याल याला पुरावा काय? काकू म्हणाल्या, माझं घर इथे आहे, माझा माणूस इथे आहे, माझं यंत्र आहे. साहेबाने विचारलं, घर तुमच्या नावावर आहे का? ते भाड्याचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग तुझा काय दोष? मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण पहिल्या वेळी फोटो नीट असता तर? त्या दिवशी खिडकीत दुसरा साहेब असता तर? हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच ते अजून मला कुसळासारखं टोचतं.

बाळ तारखेच्या आधीच आलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप असल्याचा फोन दुकानातच आला. काकू हसल्या, रडल्या आणि त्या दिवशी एका सदऱ्याला दोन्ही उजव्या बाह्या लावून बसल्या.

त्यानंतर चित्रकारबाई पुन्हा आल्या. दालनाने त्यांना कळवलं होतं की तुम्ही येऊ शकत नसाल तर नुसती चित्रं पाठवा. जुनी चित्रं पाठवायची नाहीत असं बाईंनी ठरवलं होतं. त्यांनी काकांना विचारलं, "मला हा पडदा द्याल?"

काकांना माझी लाज वाटत होती, ते आधी नाहीच म्हणाले. मग बाईंनी मनातलं सांगितलं. ज्यांना नकार आला अशा माणसांना बोलवायचं. प्रत्येकाने त्याच स्टुलावर बाजूला तोंड करून बसायचं आणि जाताना जे बरोबर नेणार होता ते हातात धरायचं. समोरून दिवा लावायचा, माझ्यावर सावली पडेल, ती पेन्सिलीने आखायची. आणि त्या रेघेवर काकूंनी दोऱ्याने टाके घालायचे. काकांनी उठून दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि दिवा लावला.

दुपारच्या वेळी माणसं येऊ लागली. वेल्डर आला. त्याचा भाऊ तोवर गेला होता. त्याने हातात ती फाईलच धरली. एक धावपटू मुलगी बूट घेऊन आली. एक म्हातारे गुरुजी आले, त्यांनी मुलासाठी घेतलेली छत्री आणली. एकाच स्टुलावर बसल्यामुळे सगळ्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या. त्यावर काकू टाके घालू लागल्या. दोरा त्यांनी स्वतः निवडला, नेमका निळीच्या रंगाचा. आता मला टोचून घ्यायची सवय कुठली? पहिल्या सुईला मी गारच झालो. आयुष्यभर जपलेल्या अंगाला शेकडो भोकं! पण काकूंचा हात हलका होता, आणि खरं सांगू, कुणीतरी आपल्याकडे पाठ न करता तासन्‌तास बसलंय, हेही मला नवीन होतं.

सगळ्यात शेवटी काकू बसल्या. काय धरू, त्या म्हणाल्या. मग त्यांनी काहीच घेतलं नाही. नुसता हात कोपरात वाकवला, बाळाचं डोकं धरताना वाकवतात तसा. चित्रकारबाईंनी पेन्सिल काकांच्या हातात दिली. सवयीने काका म्हणाले, "हनुवटी खाली." आणि लगेच म्हणाले, "नको, राहू दे. हसलीस तरी चालेल."

मग माझी जायची वेळ आली. माझ्यासाठी एक अर्ज भरला गेला. सुती कापड, वापरलेलं, नग एक. डाग, नाही. परत आणणार का, होय. खाली एक शिक्का. संपलं. चहा निवायच्या आत माझी परवानगी झाली. मी परत येईन याचा पुरावा मला कुणी मागितला नाही. चित्रकारबाईंनी अर्ज वाचून दाखवला तेव्हा काकूंनी सुई रिळात खोचत एवढंच म्हटलं, "याचं ऐकलं त्यांनी."

मला गुंडाळून एका नळीत भरलं. आत अंधार होता. वाटेत ओल लागली तर? कसर लागली तर? सीमेवर कुणी उघडून म्हणालं, ही एवढी माणसं कोण, यांचे कागद कुठे, तर? एकदा नळी उघडलीही. हातमोजे घातलेल्या माणसाने मला हातभर उलगडलं, अर्जाशी ताडून पाहिलं आणि पुन्हा गुंडाळलं. अकरा माणसांच्या सावल्या घेऊन मी सीमा ओलांडली आणि मला कुणी हटकलं नाही. मला त्याचा आनंद झाला नाही. चोरी करून पळाल्यासारखं वाटलं.

दालनात उंच भिंती होत्या. मला खालचा काठ जमिनीला टेकेल असं टांगलं. शेजारी पाटी होती, हात लावू नये. ती वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! लोक यायचे, मान तिरकी करून बघायचे, हळू आवाजात बोलायचे. कौतुकही झालं. पण माझे कान दाराकडे होते. लेकीचं गाव तिथून आगगाडीने पाच तासांवर होतं. काकूंनी तिला फोनवर सांगितलं होतं. अंगात अजून अशक्तपणा, कडेवर तान्हं मूल, ती येणार कशी? एकेक दिवस जात होता. प्रदर्शन संपायला पाच दिवस राहिले, मग दोन. माझा जीव टांगणीला लागला.

शेवटच्या दिवशी ती आली. पोटाशी झोळीत बाळ, हातात दुपट्याची पिशवी. अकरा सावल्या एकमेकींत गुंतलेल्या, पण तिला आई शोधावी लागली नाही. मानेवरच्या सैल अंबाड्यावरून तिने ओळखलं. ती खाली गुडघ्यांवर बसली. मग तिने बाळाला झोळीतून काढलं आणि त्या वाकवलेल्या हातात, नेमकं कोपराच्या टाक्यांशी, माझ्या अंगाला टेकवून धरलं.

दालनाचा राखणदार लगबगीने आला. हात लावायचा नसतो, असं तो सांगू लागला. लेक म्हणाली, "ही माझी आई आहे." त्याने सावलीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि मागून येणाऱ्यांना दुसरीकडे वळवू लागला.

आणि मित्रांनो, तेवढ्यात बाळाने दुधाची गुळणी केली. माझ्यावर! रुपयाएवढा ओला डाग, थेट काकूंच्या हातावर. लेक घाबरून पुसायला लागली. मी, ज्याने जन्मभर बोटाचा ठसासुद्धा सहन केला नाही, तो मनातून ओरडत होतो की पुसू नकोस. कपड्याला आवाज नसतो, हे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मला परत पाठवताना कागद पाहिले गेले. कागदावर होतं, डाग, नाही. आणि डाग तर होता. दालनातल्या बाई कापूस आणि औषधाची बाटली घेऊन माझ्यासमोर बसल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता, जसा काकूंचा सहाव्या थेंबामागे होता. तेवढ्यात फोन वाजला. लेकीने आईला कळवलं होतं, आईने चित्रकारबाईंना, आणि बाईंनी दालनाला. बाटलीचं बूच पुन्हा लागलं. कागदावर दुरुस्ती झाली. डाग, एक, तसाच ठेवावा.

ठरलेल्या दिवशी मी परत आलो. बघा, आलो की नाही? काकूंनी मला कटिंगच्या टेबलावर उलगडलं. डाग सुकून पिवळट झाला होता. त्यांनी वाकून त्याला नाक लावलं आणि कितीतरी वेळ तशाच राहिल्या. काकांनी विचारलं, कसला वास येतोय का. त्या म्हणाल्या, "आंबूस येतोय. आपल्या नातीचा."

आता माझ्या जागी प्लॅस्टिकचा पांढरा फळा आला आहे. त्याला धुवावं लागत नाही की नीळ लागत नाही. मी काकूंच्या पेटीत घडी होऊन असतो. काकूंनी तिसरा अर्ज केला आहे. आज त्याला बारावा दिवस. दुकानाच्या दाराशी कुणी थांबलं की यंत्र थांबतं. पेटीतून मला ते ऐकू येतं आणि मीही श्वास धरून राहतो. नात आता बसायला लागली म्हणतात.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. उद्या कदाचित ही पेटी तुमच्यापैकी कुणाच्या हाती येईल. मला उन्हात टाकू नका, ओलीत ठेवू नका, टाके उसवले तर त्याच रंगाचा दोरा घ्या. आणि कोपराजवळचा पिवळा डाग पाहून कुणी बादली भरायला घेतलीच, तर त्यांचा हात धरा. काकूंच्या नातीने आजीला आजवर एवढंच भेटून घेतलं आहे. ते धुऊ नका.